पाच नंबरची वही

१

निरीक्षकबाई आल्या होत्या एका बाटलीची चौकशी करायला. वही नाहीशी झाल्याचं त्यांना तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कळलं, आणि तेही धाप लागलेली असताना, कारण लिफ्ट बंद होती.

"शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः मोजून ठेवल्या होत्या," प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणाल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. हृदयविकाराच्या डॉक्टर, पन्नाशी ओलांडलेल्या, आणि कित्येक महिने धड झोप न झाल्यासारखा चेहरा. "तुम्ही येणार म्हणून पाचही वह्या काढल्या, पुसल्या, परत लावल्या. आज सकाळी कपाट उघडलं तर चारच."

"कुलूप?"

"जसंच्या तसं. किल्ली दाराच्या चौकटीवर असते. ती तिथं असते हे फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा ठाऊक आहे."

निरीक्षकबाईंनी कपाटात डोकावलं. वरच्या फळीवर सुटे कागद, खालच्या फळीवर जाड बांधणीच्या वह्या. दाराला आतून एक पिवळा पडलेला कागद चिकटवला होता, त्यावर टाइप केलेल्या पाच ओळी: एक, शस्त्रक्रिया. दोन, ठोके. तीन, चकत्या. चार, वजन. पाच, तापमान. वह्यांच्या पाठीवर ठळक आकडे. एक, दोन, तीन, चार. आणि पाचच्या जागी दोन बोटांची फट.

"आणि गेली कुठली, तर वजनांची," मोठ्या बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "उंदरांची वजनं. दोनशे वीस ग्रॅम, दोनशे तीस ग्रॅम. करायचंय काय चोरून? मला तर आता हसूही येत नाही."

निरीक्षकबाईंनाही आलं नाही. एकतीस वर्षं औषध निरीक्षक म्हणून त्यांनी कारखान्यांचे आणि दुकानांचे जिने झिजवले होते. निवृत्त झाल्यावर परक्याचा जिना चढायचा नाही असं ठरवलं होतं. पण संस्थेचे अध्यक्ष त्यांचे जुने साहेब, त्यांनी फोन केला, आणि नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं.

प्रकरण असं होतं. डोंगरउतारावर उगवणाऱ्या एका झुडपाच्या सालीतून इथं एक पिवळी पूड काढली होती. हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबली की तिच्यापुढचा भाग उपाशी पडतो आणि मरायला लागतो. नळी मोकळी केली तरी परत येणाऱ्या रक्ताचाही त्याला दणका बसतो. ही पूड आधी पोटात गेली असेल, तर मरणारा भाग निम्म्यावर येतो, असं चोवीस उंदरांच्या पहिल्या मालिकेत दिसलं होतं. जगभर बोलबाला झाला. आता सोळा दिवसांनी माणसांवरची चाचणी सुरू व्हायची होती, संमतिपत्रं छापूनही झाली होती. नियम म्हणून प्रयोग पुन्हा एकदा केला, तर पुडीनं काहीच केलं नाही. शून्य. त्यावर ज्यांनी ती पूड बनवली त्यांनी लेखी तक्रार केली, की दुसऱ्या मालिकेच्या वेळी कुणीतरी बाटली बदलली.

निरीक्षकबाईंनी बाटली ताब्यात घेतली, कपाटाला लाखेचं सील लावलं आणि विचारलं, "शनिवार-रविवारात इथं कोण कोण आलं होतं?"

मोठ्या बाईंनी बोटांवर मोजलं. "चौघंही आलो होतो," त्या म्हणाल्या. "मी धरून."

२

तक्रार करणारे गृहस्थ तळमजल्यावर बसत. त्यांना सगळे काढेवाले म्हणत. साल कुटायची, उकळायची, गाळायची, पुन्हा उकळायची, यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. खोलीला ओल्या लाकडाचा वास होता आणि त्यांच्या नखांना कायमचा पिवळा रंग.

"बसा बाई. चहा देतो, पण चव सालीची लागेल. इथं सगळ्याला लागते."

"बाटली बदलली असं तुम्हाला का वाटलं?"

"दुसरं काय वाटणार? तीच पूड, तोच डोस, तेच हात. एकदा जादू, एकदा काही नाही. पूड काही रुसत नाही, बाई." ते हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. शुक्रवारी सकाळी बाईंनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज तापलेला होता. आज तो विझलेला वाटला. निरीक्षकबाईंनी ते मनात टिपलं.

"वही गेली ते कळलं?"

"कळलं. माझा वह्यांशी संबंध नाही. मी बाटल्यांवर क आणि ख लिहितो. कशात पूड आणि कशात नुसतं पाणी, हे फक्त मला माहीत असतं. म्हणून मी वर उंदरांच्या खोलीत पाय ठेवायचा नाही आणि आकडे बघायचे नाहीत, असा नियम. मी तो पाळतो. त्या वह्या आजवर उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. वरच्या फळीवर माझी पत्रकं असतात, तेवढी घ्यायला जातो."

"या झाडाच्या वाटेला तुम्ही गेलात कसे?"

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "तरुणपणी एका डोंगरातल्या वस्तीवर साथीत काम करत होतो. तिथल्या म्हाताऱ्या तापानं फणफणलेल्या पोरांना ही साल उकळून पाजायच्या. तासाभरात पोर घामेजून गार. मी नमुना घेऊन आलो. पुढं मोठ्या बाई म्हणाल्या, तापाची औषधं पायलीला पन्नास आहेत, याचं हृदयावर काय होतं ते बघू. आणि बघितलं तर..." ते थांबले. "जाऊ द्या."

निरीक्षकबाई उठल्या. त्या दारापाशी पोचल्यावर मागून ते सहज आवाजात म्हणाले, "बाई, कपाटाचं सील कधी काढणार? वरच्या फळीवरचं माझं एक पत्रक हवं होतं."

"कुठलं ते सांगा, मी काढून देते."

"नको. तशी घाई नाही," काढेवाले म्हणाले आणि बर्नरची ज्योत बारीक करू लागले. ती आधीच बारीक होती.

३

शस्त्रक्रियेच्या खोलीत एक चाळिशीची बाई भिंगाखाली टाके घालत होती. केसाहून बारीक दोरा आणि शेंगदाण्याएवढं हृदय. तिला सगळे सुईताई म्हणत. अर्धा तास नळी बांधून ठेवायची, मग सोडायची, दोन तासांनी हृदय काढून चकत्या करायच्या आणि त्या रंगात बुडवायच्या. जिवंत भाग विटेसारखा लाल होतो, मेलेला फिका राहतो.

"चोवीस आणि चोवीस, अठ्ठेचाळीस उंदीर," ती भिंगावरून मान न काढता म्हणाली. "मान मोडून गेली. पहिल्या मालिकेत तर गरम पाण्याच्या पिशव्या बदलता बदलता जीव जायचा. भूल दिलेला उंदीर गार पडतो ना. आता ही गादी आली आहे." तिनं टेबलावरच्या पातळ गादीवर हात ठेवला. "उंदराला एक तार लावायची, की गादी आपणहून गरम-गार होते. सदतीस अंशांवर ठेवते त्याला. मी शुक्रवारी चहाला काढेवाल्यांना तेच सांगत होते, म्हटलं पूड चालली नाही तर नाही, निदान गादीचं तरी सुख झालं."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. कप तसाच ठेवून उठले. बिचाऱ्यांचं मन कुठल्या कुठं असतं हल्ली."

"शनिवारी तुम्ही कशाला आला होता?"

"चकत्यांचे फोटो काढायचे राहिले होते. दुपारपर्यंत होते. वही मी नाही घेतली, बाई. वजनांची वही माझी नाही, ती पिंजरेकाकांची."

पिंजरेकाका शेवटच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या भरत होते. साठीचे, सावकाश बोलणारे. उंदरांना दोन वेळ खायला लागतं, त्यामुळे त्यांना शनिवारही नव्हता आणि रविवारही नव्हता. निरीक्षकबाईंना मनातून त्यांचाच संशय येत होता. डोस वजनावर ठरतो. वजनं चुकली तर डोस चुकतो, आणि मग पुडीनं काम केलं नाही यात नवल नाही. स्वतःची चूक झाकायला कुणी स्वतःची वही पळवली, असं सरळ गणित दिसत होतं.

"वजनं?" काकांनी खिशातून चुरगाळलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "तराजूपाशी मी चिठ्ठीवर लिहितो, मग वहीत उतरवतो. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस आहेत. वही गेली तर जाऊ दे, पुन्हा लिहीन. डोळे दुखतात, पण लिहीन."

बाईंनी तिथंच बसून एकेक चिठ्ठी डोसच्या पत्रकाशी ताडून पाहिली. एकही चूक नव्हती. सरळ गणित कोसळलं.

"तुम्हाला दोन मालिकांत काही फरक जाणवला?" त्यांनी थकून विचारलं.

काका विचारात पडले. "मला कोण विचारतं म्हणा. पण दोन्ही वेळेला निम्मे उंदीर जरा वेगळे वागायचे. औषध पाजलं की थोड्या वेळानं गोळा होऊन बसायचे, कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. मी त्या पिंजऱ्यांत जास्तीचा कागदाचा कीस टाकायचो. म्हातारं माणूस कसं अंगावर ओढून घेतं, तसे ओढून घ्यायचे."

"दोन्ही वेळेला?"

"दोन्ही वेळेला. तसेच निम्मे."

निरीक्षकबाईंचा पेन थांबला. बाटली जर बदललेली होती, तर दुसऱ्या खेपेला उंदीर गोळा होऊन बसले कशानं?

४

बाटलीचा निकाल बुधवारी आला. पेटंटच्या वेळी संस्थेच्या कार्यालयात ठेवलेला मूळ नमुना आणि कपाटाशेजारच्या फ्रीजमधली बाटली, दोन्हींचा एकेक ठिपका घटक वेगळे करणाऱ्या एकाच पट्टीवर चढवला होता. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर थांबले आणि दिव्याखाली सारखेच हिरवट चमकले. बाईंच्या जुन्या सहकाऱ्यानं आणखी दोन तपासण्या करून पाहिल्या. पूड तीच होती. बाटली कुणीही बदललेली नव्हती.

"मग तुझं काम संपलं की," घरी त्यांचे यजमान म्हणाले. ते खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. चार वर्षांपूर्वीच्या झटक्यात त्यांच्या हृदयाचा तिसरा हिस्सा मेला होता. आता खोलीतून स्वयंपाकघरात जाताना ते मध्ये एकदा भिंतीला टेकत. "बाटली खरी, पूड खोटी. लिहून टाक आणि मोकळी हो."

"आणि वही?"

"हरवली असेल. माझा चष्मा नाही का हरवत?"

"अहो, चष्मा कुलपातून हरवत नाही."

ते हसले, मग खोकले, मग दम खात बसले. निरीक्षकबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. सोमवारी जिना चढताना त्यांच्या मनात एक इच्छा होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती: बाटली बदललेली निघावी. कुणीतरी लबाड निघावं, म्हणजे पूड खरी ठरेल. मग पुढच्या कुणाच्या नवऱ्याला भिंतीला टेकावं लागणार नाही. एकतीस वर्षांत त्यांनी असं आधीच ठरवून कधी तपास केला नव्हता.

"काय विचार करतेस?" यजमानांनी विचारलं.

"कपाटाचा."

"काय त्याचं?"

बाई डोळे मिटून ते कपाट आठवत होत्या. लोखंडी दार, पिवळा कागद, पाच ओळी. त्यांनी एकेक ओळ तोंडानं म्हटली. शस्त्रक्रिया, ठोके, चकत्या, वजन, तापमान.

त्या उठून उभ्या राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "पाच म्हणजे वजन नाहीच आहे."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोठ्या बाईंसमोर सील तोडलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"यादीत पाच म्हणजे तापमान. तुम्ही म्हणालात वजनांची वही गेली."

"गेलीच आहे. यादी चुकीची आहे. पहिल्याच दिवशी चार नंबरच्या वहीत सुईताईंनी तापमान लिहायला घेतलं आणि काकांनी पाचमध्ये वजनं. आता कोण बदलत बसणार? आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"सुईताई रोज लिहिते, काका रोज लिहितात, मी दर शुक्रवारी शेवटच्या पानावर सही करते."

"सही करता, म्हणजे वाचता?"

मोठ्या बाईंनी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत होती. त्या म्हणाल्या, "बाई, माझा भाऊ झटका येऊन अॅम्ब्युलन्समध्ये गेला. पहिल्या मालिकेच्या चकत्या मी पाहिल्या आणि त्या दिवसापासून मला बाकी काही वाचावंसं वाटलं नाही. सही करायची म्हणून करत होते."

निरीक्षकबाईंनी चार नंबरची वही काढली. ती सगळा वेळ तिथंच होती. कुणीतरी यादीवर विश्वास ठेवून शेजारची उचलली होती. त्यांनी पहिल्या मालिकेची पानं उघडली, मालिका संपल्यावर फोडलेल्या पाकिटातला काढेवाल्यांचा क-ख चा कागद शेजारी ठेवला आणि पेन्सिलीनं खुणा करत गेल्या. नुसतं पाणी दिलेले उंदीर: सदतीस, सदतीस पॉइंट एक, छत्तीस पॉइंट नऊ. पूड दिलेले: चौतीस, तेहतीस पॉइंट आठ, तेहतीस पॉइंट पाच.

मग दुसरी मालिका. नवी गादी. सगळे सदतीस.

मोठ्या बाई त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या.

"गारव्यानं हृदय वाचतं," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा माहीत असतं. गार हृदयाला भूक कमी लागते, रक्त नसलं तरी ते जास्त वेळ तग धरतं. ती पूड हृदयाला काही करतच नव्हती. ती उंदीर गार करत होती."

"आणि माणूस?"

"माणसाचं शरीर केवढं, उंदराचं केवढं. दवाखान्यात पोचेपर्यंतच्या तेवढ्या वेळात अर्धा अंशसुद्धा उतरणार नाही." त्या खाली बसल्या. "हे कुणाला तरी माझ्या आधी कळलं."

"हो," निरीक्षकबाई वही मिटत म्हणाल्या. "आणि त्यानंच मला इथं बोलावलंय."

६

काढेवाले एकटेच होते. बर्नर बंद होता. चार नंबरची वही बाईंच्या हातात बघून त्यांनी स्टूल पुढं सरकवलं आणि स्वतः उभेच राहिले.

"चोराला तापमानाची वही हवी होती," निरीक्षकबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ना चढ होता ना उतार. एखादी यादी वाचावी तशा त्या बोलत होत्या. "यादीत पाच लिहिलंय, म्हणून त्यानं पाच उचलली. सुईताईंनी असं केलं नसतं, काकांनी केलं नसतं, मोठ्या बाईंनीही नाही, कारण कुठल्या वहीत काय ते तिघांनाही पाठ आहे. यादीवर भरवसा ठेवणारा माणूस म्हणजे ज्यानं वह्या कधी उघडल्या नाहीत, पण जो कपाटापाशी येतो. तसा इथं एकच आहे. नियम पाळणारा."

काढेवाल्यांनी मान हलवली. नाही म्हणायची नव्हे, ऐकतोय म्हणायची.

"तुमची तक्रार खरी होती. बाटली बदलली असं तुम्हाला मनापासून वाटत होतं. मग शुक्रवारी चहाला सुईताईंनी गादीचं सांगितलं. ही साल पोरांचा ताप उतरवते, हे या इमारतीत तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तुम्ही कप ठेवलात आणि उठलात."

"अर्धा कप राहिला होता," काढेवाले म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली कापडी पिशवी उचलली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही टेबलावर ठेवली. "शनिवारी घरी नेऊन उघडली. ग्रॅम, ग्रॅम, ग्रॅम. रविवारी परत ठेवायला आलो तर मोठ्या बाई बसलेल्या. सोमवारी तुम्ही सील लावलंत. तेव्हापासून ही पिशवीत घेऊन हिंडतोय. आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली आणि तीही धड जमली नाही."

"मिळाली असती तर काय केलं असतं?"

"जाळली असती बहुतेक. माहीत नाही." ते आता बसले. "बावीस वर्षं, बाई. बायको म्हणायची, या झाडाशीच लग्न करायचं होतंत. ती गेली त्या आठवड्यातही मी भट्टी बंद केली नाही. मला वाटलं, माणसांवर एकदा सुरू तर होऊ दे. माणूस म्हणजे उंदीर नाही. कदाचित माणसात खरंच चाललं असतं. कदाचित."

"संमतिपत्रावर सही घ्यायची, बाटलीचा नंबर लिहायचा, पाजायचं. अॅम्ब्युलन्समध्ये याला किती वेळ लागेल असं तुम्हीच लिहिलंय. सात मिनिटं. छातीत कळ येणाऱ्या माणसाची सात मिनिटं तुमच्या त्या कदाचितसाठी घ्यायची?"

त्यांनी पिवळी नखं सदऱ्याला पुसली. मग त्यांनी विचारलं, "अहवाल कधी देणार?"

"चाचणी थांबवायचं पत्र आज जाईल. अहवालाला मला पंधरा दिवस दिलेत."

"मग मला एक मालिका करू द्या. शेवटची. तुम्ही वहीतून जे काढलंत तो अंदाज आहे. उद्या कुणीतरी म्हणेल, गारव्यानं थोडं आणि पुडीनं थोडं. लोक आशेचं बोट सोडत नाहीत, बाई. मी सोडत नव्हतो, तर दुसरं कोण सोडेल? हे नीट मारायला हवं. आणि मारायचं तर मीच मारतो."

७

सहा-सहा उंदरांचे चार गट केले. पहिल्या गटाला पूड नाही आणि गादीची ऊब. दुसऱ्याला पूड आणि ऊब. तिसऱ्याला पूड नाही, पण थंड पाण्याच्या पिशवीनं चौतीसवर आणलेलं अंग. चौथ्याला पूड देऊन ते गार पडतील तसे पडू दिले. बाटल्यांवरच्या खुणा या वेळी निरीक्षकबाईंनी केल्या आणि पाकीट स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मोठ्या बाई रोज संध्याकाळी पाचही वह्या पानापानानं वाचत आणि मगच सही करत. पाठीवरचे दोन आकडे पिंजरेकाकांनी कुणी न सांगता खोडून बरोबर केले.

संस्थेच्या समितीसमोर आकडे काढेवाल्यांनीच वाचले. चष्मा पुसून, सावकाश. मेलेला भाग: उबेत पूड नसताना एक्कावन्न टक्के, उबेत पूड असताना एकोणपन्नास. गार आणि पुडीविना सव्वीस, गार आणि पुडीसकट पंचवीस. "म्हणजे जे काही केलं ते गारव्यानं," ते म्हणाले. "पुडीचा हृदयाशी संबंध नाही. ती तापाचं औषध आहे. त्या म्हाताऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं." मग त्याच आवाजात त्यांनी वही पळवल्याचंही सांगितलं, दिवस आणि वेळ सांगून. मोठ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, की न वाचता सही मी केली होती, तेव्हा जे काही लिहायचं ते माझ्या नावापुढंही लिहा. अध्यक्षांनी दोघांना बसायला सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. काढेवाल्यांना पुढच्या महिन्यापासून निवृत्ती दिली गेली. शेवटच्या मालिकेच्या अहवालावर मात्र त्यांचं नाव पहिलं राहिलं. ते त्यांनी मागितलं नव्हतं, मोठ्या बाईंनी घातलं होतं.

निरीक्षकबाई दुपारी घरी आल्या. चपला काढून तशाच जमिनीवर बसल्या, भिंतीला पाठ लावून.

"झालं?" यजमानांनी विचारलं.

"झालं. ते औषध येणार नाही."

"हं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "म्हणजे माझ्या वेळी ते असतं, तरी काही फरक पडला नसता."

"नसता पडला."

खोलीत पंखा फिरत होता. त्याचं एक पातं जरा वाकडं होतं आणि दर फेऱ्याला बारीक खटका व्हायचा. बाई म्हणाल्या, "लवकर निघालो असतो तर पडला असता."

त्यांनी घडी केलेलं वर्तमानपत्र मांडीवरून खाली ठेवलं.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात छातीत जड वाटतंय. मी कामावरून आले होते, पाय नुसते ठणकत होते. मी म्हटलं पित्त असेल, थोडं पडून राहा. दोन तास. चार वर्षं मी एखादं औषध शोधतेय, की जे आलं असतं तर ते दोन तास चालून गेले असते. याही वेळी तेच शोधायला गेले होते. बाटलीबिटली सगळं निमित्त."

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"की तू ते मोजत बसतेस. पण अगं, पित्त मी म्हणालो होतो. तू नाही. तू म्हणालीस डॉक्टरांना फोन करू का, आणि मी म्हटलं, एवढ्यातेवढ्याला कशाला."

बाईंनी वर पाहिलं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे जबाब घेतले होते. खरं बोलणारा चेहरा आणि दुसऱ्याला वाचवणारा चेहरा, दोन्ही त्यांना ओळखता यायचे. या चेहऱ्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांना ठरवता येईना.

"खरं सांगताय?"

"तू चौकशी करतेस की विचारतेस?"

त्यांनी थोडा विचार केला. "विचारतेय."

"मग खरं सांगतोय," ते म्हणाले, आणि उठण्यासाठी त्यांनी हात पुढं केला. बाई आधी स्वतः उठल्या, मग त्यांना उठवलं. दोघं स्वयंपाकघराकडे निघाले, चहा टाकायला. मध्ये ते भिंतीला टेकले, तशा त्याही शेजारी टेकल्या.